जिथे जास्त शस्त्रक्रिया, तिथे कमी मृत्यू? आकडे तपासताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात एमएस, डीएनबी किंवा एमपीएच करणारे विद्यार्थी, रुग्णालयांच्या क्वालिटी विभागातली मंडळी आणि कधीकधी रुग्णांचे नातेवाईकसुद्धा हा विषय घेऊन संख्याशास्त्राच्या माणसाकडे येतात. एखादी शस्त्रक्रिया जिथे जास्त होते तिथे रुग्ण खरोखर जास्त वाचतात का, आणि ते पडताळायचे कसे, एवढीच त्यांची विचारणा असते. पण उत्तर देताना मोजणीच्या बऱ्याच वाटा-आडवाटा तुडवाव्या लागतात. वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणांतले आकडे काल्पनिक आहेत. जिथे प्रत्यक्ष अभ्यासाचा आकडा आहे, तिथे वर्ष दिले आहे.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतल्या लुफ्ट, बंकर आणि एन्थोव्हेन यांनी १९७९ साली १,४९८ रुग्णालयांतल्या १२ प्रकारच्या शस्त्रक्रियांचे आकडे तपासले. हृदय उघडून केलेल्या शस्त्रक्रिया, रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया अशा काही प्रकारांत, वर्षाला २०० किंवा जास्त शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण २५ ते ४१ टक्क्यांनी कमी निघाले. २००२ मध्ये बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेतल्या सुमारे २५ लाख शस्त्रक्रियांवर तोच प्रश्न पुन्हा तपासला. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेत सर्वांत कमी संख्येच्या (म्हणजे ही शस्त्रक्रिया सर्वांत कमी वेळा होणाऱ्या) रुग्णालयांत १६.३ टक्के रुग्ण दगावले, सर्वांत जास्त संख्येच्या रुग्णालयांत ३.८ टक्के. मानेतली कॅरोटिड धमनी साफ करण्याच्या शस्त्रक्रियेत मात्र फरक १.७ आणि १.५ टक्क्यांचा, म्हणजे जेमतेम.

ही दुसरी जोडी लोक विसरतात. संबंध बऱ्याच शस्त्रक्रियांत दिसतो, पण त्याचा जोर शस्त्रक्रियेगणिक बदलतो. म्हणून ‘मोठे रुग्णालय चांगले’ असे सरसकट विधान कोणत्याही अभ्यासातून निघत नाही.

मग ते सिद्धच झाले आहे. पुण्यात पुन्हा अभ्यास कशाला?

आपल्याकडची व्यवस्था निराळी आहे म्हणून. इथे एकच सर्जन सकाळी एका ट्रस्टच्या रुग्णालयात, दुपारी सिंहगड रस्त्यावरच्या नर्सिंग होममध्ये आणि रात्री हडपसरला इमर्जन्सीसाठी असतो. रुग्ण बारामती, दौंड, अहिल्यानगर, सोलापूर, साताऱ्याहून येतो आणि टाके काढायच्या आत गावी परततो. बिल कोणी स्वतः भरतो, कोणाचा विमा असतो, कोणी योजनेतून येतो. या प्रत्येक गोष्टीने आकडे वाकतात. बाहेरच्या देशातले सूत्र तसेच उचलून चालत नाही.

आमच्या युनिटमध्ये २० व्हिपल (स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रिया) झाल्या, एकही मृत्यू नाही. मृत्यूप्रमाण शून्य लिहू का?

लिहा, पण त्याच्या शेजारी कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा) लिहिल्याशिवाय नको. एकही मृत्यू नसेल तेव्हा एक सोपा नियम आहे: ३ ला शस्त्रक्रियांच्या संख्येने भागा, म्हणजे खऱ्या जोखमीची ९५ टक्के वरची मर्यादा साधारण कळते. ३ भागिले २० म्हणजे १५ टक्के. नेमके गणित केले तर जवळपास १४. थोडक्यात, तुमच्या युनिटमधली खरी जोखीम १० टक्के असली तरी २० रुग्णांत एकही मृत्यू न होण्याची शक्यता १२ टक्के उरते, आणि जोखीम ५ टक्के असेल तर ती ३६ टक्के होते. शून्य मृत्यू ही आनंदाची गोष्ट आहेच, पण तेवढ्यावरून ‘आमच्याकडे जोखीम नाही’ असे म्हणता येत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. पुढच्या महिन्यात दोन मृत्यू झाले म्हणून युनिट बिघडले असेही ठरत नाही. एखाद्या रुग्णालयाचे मृत्यूप्रमाण सरासरीच्या दुप्पट आहे, म्हणजे ४ ऐवजी ८ टक्के आहे, हे ८० टक्के पॉवरने (फरक खरा असेल तर तो पकडण्याची शक्यता) आणि ५ टक्क्यांच्या एकतर्फी पातळीवर (फरक नसताना चुकून ‘आहे’ म्हणण्याची शक्यता) ओळखायचे असेल तर सुमारे १९० शस्त्रक्रिया लागतात. एवढ्या स्वादुपिंडाच्या केसेस एका युनिटमध्ये व्हायला बहुतेक ठिकाणी कित्येक वर्षे जातील. डिमिक, वेल्च आणि बर्कमायर यांनी २००४ मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांसाठी हाच हिशेब केला. त्यांनी पाहिलेल्या शस्त्रक्रियांपैकी फक्त बायपासच्या बाबतीत बहुसंख्य रुग्णालयांकडे पुरेशा केसेस निघाल्या.

माझे मत इथे स्पष्ट आहे: दुर्मीळ शस्त्रक्रियेत एकेका रुग्णालयाचे स्वतःचे मृत्यूप्रमाण जवळजवळ काहीच सांगत नाही, पण त्या रुग्णालयात ती शस्त्रक्रिया किती वेळा होते, हे थोडेफार तरी सांगते. म्हणून दोन्ही आकडे सोबत मागावेत. एकटा कोणताही वाचू नये.

‘श्रिंकेज’ म्हणजे काय? लहान रुग्णालयांचे आकडे सरासरीकडे ओढणे हा त्यांच्यावर अन्याय नाही का?

समजा, एका रुग्णालयात १० पैकी १ रुग्ण दगावला, म्हणजे १० टक्के. दुसऱ्यात ४०० पैकी १२, म्हणजे ३ टक्के. शहराची सरासरी ४ टक्के आहे आणि आपण त्या सरासरीला १०० रुग्णांइतके वजन दिले. मग पहिल्याचा अंदाज ११० पैकी ५, म्हणजे साडेचार टक्के होतो. दुसऱ्याचा ५०० पैकी १६, म्हणजे ३.२ टक्के. ज्याच्याकडे माहिती कमी, तो सरासरीकडे जास्त सरकतो. यालाच श्रिंकेज म्हणतात. प्रत्यक्षात हे १०० चे वजन मनाने ठरवायचे नसते. रुग्णालयारुग्णालयांत खरा फरक किती आहे यावरून मॉडेलच ते काढते.

आधीची माहिती आणि नवे आकडे यांची सांगड घालणारी ही बेझियन विचारसरणी पुण्याला परकी नाही. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राच्या अध्यापनाचा पाया घालणारे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली संशोधन केले होते, आणि जेफ्रीज हे या विचारसरणीच्या विसाव्या शतकातल्या मुख्य आधारस्तंभांपैकी एक.

अन्यायाचा प्रश्न रास्त आहे, फक्त तो उलट्या दिशेने लागू होतो. सगळ्या लहान रुग्णालयांना शहराच्या एकाच सरासरीकडे ओढले, तर ती सारी ‘सरासरीइतकीच’ दिसू लागतात. शस्त्रक्रियांची संख्या कमी असल्यामुळे जोखीम खरोखर जास्त असेल, तर ती गोष्ट मॉडेलच झाकून टाकते. सिल्बर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकी सरकारच्या रुग्णालय-तुलनेच्या मॉडेलवर नेमका हाच आक्षेप घेतला होता. त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक रुग्णालयाला त्याच्याएवढ्या संख्येच्या रुग्णालयांच्या सरासरीकडे ओढणे, म्हणजेच मॉडेलमध्ये संख्या हा घटक धरणे. त्यावर प्रतिवाद असाही आहे की उत्तम काम करणाऱ्या लहान रुग्णालयाला मग त्याच्या आकाराची शिक्षा होते. हेतू रुग्णाला सल्ला देण्याचा असेल तर संख्या धरावी, असे मला वाटते. रुग्णालयाच्या कामाचे मूल्यमापन करायचे असेल तर दोन्ही आकडे छापावेत.

मृत्यू मोजण्यात काय अवघड आहे? झाला की नाही, एवढेच तर नोंदवायचे.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि इथे झालेली चूक पुढचे कोणतेही मॉडेल दुरुस्त करू शकत नाही.

आधी अंश, म्हणजे वरचा आकडा, पाहू. रुग्ण हाताबाहेर गेला की नातेवाईक ‘घरी नेतो’ म्हणतात. कागदावर ‘डामा’ (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेल्याची नोंद) लागतो, डिस्चार्ज होतो आणि मृत्यू गावी होतो. रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये तो मृत्यू नाहीच. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, म्हणजे भोर किंवा इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीत. पुण्यात शस्त्रक्रिया झाल्याचे त्या नोंदीवरून कळत नाही. म्हणून ‘रुग्णालयात झालेले मृत्यू’ हा आकडा आपल्याकडे फार फसवा ठरतो. ज्या रुग्णालयातून लोक शेवटी घरी नेतात, त्याचे आकडे चांगले दिसतात; जे शेवटपर्यंत आयसीयूत ठेवते, त्याचे वाईट. खाजगी रुग्णालयात रोजचे बिल वाढत असते, त्यामुळे ‘घरी नेण्याचा’ कल आर्थिक परिस्थितीशीही जोडलेला आहे. डामा झालेल्या रुग्णांना वगळू नका आणि त्यांना ‘जिवंत’ही समजू नका. त्यांची गणती वेगळी दाखवा आणि दोन टोकांचे हिशेब करा: सगळे वाचले असे धरून एक, सगळे दगावले असे धरून दुसरा. निष्कर्ष दोन्हींत टिकला तर ठीक.

शक्य असेल तर शस्त्रक्रियेपासून ३० व्या दिवशी फोन करा. कष्टाचे काम आहे, पण दोन मोबाइल नंबर घेतले, त्यातला एक गावाकडच्या नातेवाइकाचा, तर बरेच रुग्ण सापडतात. जे सापडत नाहीत त्यांचे वय, निदान आणि तालुका सापडलेल्यांशी ताडून पाहा.

आता छेद, म्हणजे खालचा आकडा. १८६० च्या दशकात लंडनच्या २४ रुग्णालयांचे मृत्यूप्रमाण ९० टक्क्यांहून जास्त असल्याचा आकडा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या लेखनातून गाजला. वर्षभरातल्या मृत्यूंना एका दिवशी भरलेल्या खाटांनी भागले होते. एका खाटेवर वर्षभरात अनेक रुग्ण येऊन जातात हे त्यात सुटले. आजच्या थीसिसमध्ये एवढी मोठी चूक होत नाही, पण तिचे लहान भाऊबंद भेटतात: पोट उघडून गाठ काढता न आल्याने बंद केलेला रुग्ण मोजला का? एकाच रुग्णाच्या दोन शस्त्रक्रिया एक धरल्या की दोन? लॅपरोस्कोपीने सुरू करून उघड्या पद्धतीने संपवलेली केस कुठल्या खात्यात? हे नियम आकडे बघण्याआधी लिहून ठेवा.

मोठ्या रुग्णालयात उलट जास्त मृत्यू दिसतात. मग?

कारण गंभीर रुग्ण तिथेच पोहोचतात. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात रात्री दोनला फुटलेले आतडे घेऊन येणारा रुग्ण आणि ठरवून हर्नियासाठी दाखल झालेला रुग्ण एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

समजा, मोठ्या रुग्णालयात ठरवून केलेल्या १०० शस्त्रक्रियांत १ मृत्यू आणि इमर्जन्सीच्या ३०० मध्ये ३० मृत्यू झाले. एकूण ४०० त ३१, म्हणजे ७.८ टक्के. लहान रुग्णालयात ठरवून केलेल्या ९० मध्ये २ आणि इमर्जन्सीच्या १० मध्ये २. एकूण १०० त ४, म्हणजे ४ टक्के. एकूण पाहिले तर लहान रुग्णालय पुढे. वेगवेगळे पाहिले तर ठरवून केलेल्यांत १ टक्का विरुद्ध २.२, इमर्जन्सीत १० विरुद्ध २०. म्हणजे दोन्हीकडे मोठे रुग्णालय पुढे. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

म्हणून वय, लिंग, इमर्जन्सी की नियोजित, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, कर्करोगाची स्टेज हे घटक लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये (मृत्यूच्या शक्यतेवर अनेक घटकांचा परिणाम एकत्र मोजणाऱ्या मॉडेलमध्ये) घ्यावे लागतात. सहव्याधींसाठी, म्हणजे सोबतच्या इतर आजारांसाठी, १९८७ चा चार्लसन इंडेक्स अजूनही कामाला येतो. मात्र एक सावधगिरी बाळगा: शस्त्रक्रियेनंतर झालेली गुंतागुंत, उदाहरणार्थ न्यूमोनिया, जोखमीच्या घटकांत टाकू नका. ती उपचाराचा परिणाम असू शकते. तिच्यासाठी समायोजन केले तर जे शोधायचे आहे तेच पुसले जाईल.

याच धाग्यावरचा एक सुंदर शोध म्हणजे ‘फेल्युअर टू रेस्क्यू’, म्हणजे गुंतागुंत झालेल्यांपैकी किती दगावले. ही कल्पना सिल्बर यांनी १९९२ मध्ये मांडली. पुढे घफेरी, बर्कमायर आणि डिमिक यांना असे दिसले की चांगल्या आणि वाईट रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण फारसे वेगळे नसते. वेगळे असते ते गुंतागुंत वेळेत ओळखून रुग्णाला सावरण्याचे प्रमाण. रात्रपाळीची नर्स, आयसीयूतली खाट, ब्लड बँकेची जवळीक, मध्यरात्री उपलब्ध असलेला भूलतज्ज्ञ यांचा हा प्रांत आहे. म्हणून ‘सर्जनचा हात’ एवढाच विचार करणारा अभ्यास अर्धवट राहतो.

शस्त्रक्रियांची संख्या सर्जनची मोजायची की रुग्णालयाची?

दोन्हींची, आणि वेगवेगळी. पुण्यात सर्जन अनेक ठिकाणी काम करतो, त्यामुळे ‘रुग्णालयाच्या आत सर्जन’ अशी साधी उतरंड बनत नाही. क्रॉस-क्लासिफाइड मॉडेल लागते, म्हणजे रुग्णाला सर्जन आणि रुग्णालय अशा दोन्ही गटांत एकाच वेळी धरणारे. हकमन आणि पिसानो यांनी २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हृदयशल्यचिकित्सकांवर अभ्यास केला. एखाद्या रुग्णालयात सर्जनने केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या वाढली की तिथले त्याचे निकाल सुधारतात, पण दुसऱ्या रुग्णालयांत केलेल्या शस्त्रक्रियांचा तिथे तसा फायदा दिसत नाही, असे त्यांना आढळले. अनुभव माणसाबरोबर पूर्णपणे प्रवास करत नाही, टीमही लागते. व्हिजिटिंग कन्सल्टंटच्या आपल्या शहरात हा प्रश्न कोणीतरी नीट तपासायला हवा. चांगल्या थीसिसचा विषय आहे.

माझ्याकडे ६० रुग्णालयांतले ३,००० रुग्ण आहेत. एवढे पुरे ना?

रुग्ण ३,००० आहेत, पण एकाच रुग्णालयातले रुग्ण एकमेकांसारखे असतात. रुग्णालयागणिक सरासरी ५० रुग्ण आणि अंतर्गत साम्याचा गुणांक ०.०२ धरला तरी डिझाइन इफेक्ट (या साम्यामुळे नमुना किती पट मोठा लागतो तो आकडा) १ अधिक ४९ गुणिले ०.०२, म्हणजे १.९८ येतो. तुमचे ३,००० रुग्ण माहितीच्या दृष्टीने १,५०० उरले. त्यातही संख्या हा गुणधर्म रुग्णाचा नसून रुग्णालयाचा आहे, म्हणून संख्येच्या परिणामाचा खरा पाया ६० रुग्णालये हाच. साधे रिग्रेशन चालवले तर पी-व्हॅल्यू (फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) खोटी लहान येते. रँडम इफेक्टचे मॉडेल किंवा जीईई वापरा; दोन्ही पद्धती एकाच रुग्णालयातल्या रुग्णांचे साम्य हिशेबात धरतात.

‘कमी’ आणि ‘जास्त’ यांची रेषा कुठे ओढावी?

शक्यतो ओढूच नये. संख्या सलग ठेवा, लॉग घ्या किंवा स्प्लाइन (तुकडे जोडून बनवलेला गुळगुळीत वक्र) वापरा आणि वक्र काढून दाखवा. वर्षाला ५ वरून १५ वर जाण्याचा फायदा ९५ वरून १०५ वर जाण्यापेक्षा बहुधा मोठा असतो, आणि ते वक्रावरच दिसते. वेगवेगळ्या रेषा ओढून सर्वांत लहान पी-व्हॅल्यू देणारी निवडणे तर सोडूनच द्या. त्यातून नसलेला संबंधही सिद्ध करता येतो. धोरणासाठी रेषा लागतेच. जर्मनीत २००४ पासून काही उपचारांना वार्षिक किमान संख्येची अट आहे; गुडघ्याच्या संपूर्ण सांधेरोपणासाठी ती ५० आहे. पण अशी रेषा हा प्रशासनाचा निर्णय असतो. आकड्यांतून ती आपोआप प्रकट होत नाही.

सरावाने हात बसतो, की चांगल्या हातांकडे रुग्ण जातात?

लुफ्ट यांनी १९८७ मध्ये हाच पेच मांडला होता, आणि तो पूर्ण सुटलेला नाही. निदान कालक्रम तरी पाळा: रुग्णाच्या शस्त्रक्रियेच्या आधीच्या १२ महिन्यांतली संख्या घ्या. त्याच वर्षाची घेतली तर मृत्यूनंतर रेफरल आटून संख्या घटली असेल, तेही ‘कमी संख्येचा दोष’ म्हणून मोजले जाईल. त्याच रुग्णालयात वर्षागणिक संख्या बदलली तेव्हा निकाल बदलले का, हे फिक्स्ड इफेक्टने (म्हणजे प्रत्येक रुग्णालयाची तुलना फक्त त्याच्या स्वतःशी करून) पाहता येते, पण त्यासाठी बरीच वर्षे हवीत. घरापासूनचे अंतर इन्स्ट्रुमेंट म्हणून (रुग्णालयाच्या निवडीवर परिणाम करणारा, पण निकालावर थेट न करणारा घटक म्हणून) वापरण्याची पद्धत परदेशात रूढ आहे. पुणे जिल्ह्यात मला ती पटत नाही. वेल्हे किंवा जुन्नरच्या डोंगराळ भागातला रुग्ण लांब राहतो, उशिराही येतो आणि बहुधा गरीबही असतो. अंतराचा परिणाम फक्त रुग्णालय निवडण्यापुरता राहत नाही.

महात्मा फुले योजनेचे आकडे मिळाले तर काम होईल का?

मोठी मदत होईल. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालणारी ही योजना उपचार ठरावीक पॅकेजखाली नोंदवते, त्यामुळे शस्त्रक्रियेची व्याख्या एकसारखी मिळते. पण त्यात फक्त योजनेतले रुग्ण असतात. वर्षाला ३०० बायपास करणाऱ्या रुग्णालयाने योजनेत २० केल्या असतील, तर तुमच्या फाइलमध्ये ते ‘लहान’ ठरेल. एकूण संख्या ऑपरेशन थिएटरच्या रजिस्टरमधूनच घ्यावी लागेल.

मोतीबिंदूसाठीही हेच सगळे?

पद्धत तीच, मोजायची गोष्ट वेगळी. मोतीबिंदूत मृत्यू मोजण्याला अर्थ नाही. मागचे पटल फाटणे, संसर्ग आणि सहा आठवड्यांनंतरची दृष्टी मोजा. गुडघ्यात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली का, ते पाहा आणि त्यासाठी घटना घडायला लागलेला काळ धरणारे सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस वापरा.

वडिलांची मोठी शस्त्रक्रिया आहे. आम्ही नेमके काय विचारावे?

ही शस्त्रक्रिया गेल्या वर्षभरात तुम्ही किती केल्या, आणि याच रुग्णालयात किती? रात्री काही झाले तर आयसीयूत कोण असते? वडिलांच्या वयाच्या, असाच मधुमेह असलेल्या रुग्णांचा अनुभव काय? डॉक्टर टक्केवारी सांगू लागले तर ‘कितीपैकी किती’ असे विचारा. हे विचारणे उद्धटपणा नाही, आणि चांगले सर्जन याची उत्तरे शांतपणे देतात. शस्त्रक्रिया तातडीची असेल तर मात्र शोधाशोधीत तास घालवू नका. जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठा.

रुग्णालयांची क्रमवारी छापू का?

नको. पहिला आणि दहावा यांच्या इंटरव्हल्स बहुतेक वेळा एकमेकांवर चढलेल्या असतात. फनेल प्लॉट काढा: आडव्या अक्षावर संख्या, उभ्यावर समायोजित मृत्यूप्रमाण, आणि ९५ व ९९.८ टक्क्यांच्या मर्यादारेषा. बाहेर पडलेल्या ठिपक्याचे आधी आकडे तपासा, मगच निष्कर्षाकडे वळा.

सॉफ्टवेअर कोणते?

‘आर’ फुकट आहे आणि या विषयासाठी पुरेसे आहे. एक्सेलमध्ये नोंदी ठेवा, विश्लेषण करू नका.

थीसिसला आठ महिने उरलेत आणि माझ्याकडे एकाच रुग्णालयाचा डेटा आहे. काय करता येईल?

एका रुग्णालयातून संख्या आणि निकाल यांचा संबंध काढता येत नाही. तो विषय सोडा. त्याऐवजी एका युनिटचा काळानुसार आलेख करा: प्रत्येक केसमागे अपेक्षित जोखीम आणि प्रत्यक्ष निकाल यांतला फरक साठवत जाणारा क्युसम. किंवा डामा झालेल्या रुग्णांचा ३० दिवसांचा फोनवरून पाठपुरावा करून रुग्णालयातले मृत्यूप्रमाण किती कमी मोजले जाते, ते दाखवा. दुसरा विषय मला जास्त मोलाचा वाटतो. एथिक्स कमिटीच्या अर्जात फोनवर नेमके काय विचारणार याचा मराठी मजकूर जोडा, आणि ज्या घरात मृत्यू झाला आहे तिथे संभाषण कसे थांबवायचे, तेही त्यात लिहा.